ऑस्ट्रेलियात फॅमिली डॉक्टरकडे जाण्याआधी: मेडिकेअर, बल्क बिलिंग आणि खिशातून जाणारा ‘गॅप’

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये, माझ्या भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एका पावतीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, “मामा, मेडिकेअर म्हणजे फुकट ना?” तो १९० क्रमांकाच्या कायमस्वरूपी व्हिसावर पुण्याहून मेलबर्नला येऊन जेमतेम दीड महिना झाला होता. घसा दुखतो म्हणून घराजवळच्या एका दवाखान्यात गेला, डॉक्टरांनी नऊ मिनिटे तपासले आणि स्वागतकक्षात त्याच्याकडून ९५ डॉलर घेतले. पावतीवर चार आकडे होते: फी ९५.००, मेडिकेअरचा परतावा ४३.९०, रुग्णाचा वाटा ५१.१० आणि या तिन्हींच्या आधी एकटाच उभा असलेला २३. हा २३ म्हणजे आपला रांगेतला नंबर असावा, अशी त्याची समजूत झाली होती.

त्या एका पावतीत ऑस्ट्रेलियातल्या फॅमिली डॉक्टरच्या खर्चाचे जवळजवळ सगळे गणित आहे. ते मी त्याला ज्या क्रमाने सांगितले, त्याच क्रमाने इथे नवीन येणाऱ्या मराठी मंडळींसाठी लिहीत आहे. परताव्याचे आकडे १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या दरांचे आहेत. हे दर साधारणपणे दरवर्षी १ जुलैला बदलतात, त्यामुळे आपण वाचाल तेव्हा ते थोडे वाढलेले असू शकतील. हिशेबाची रीत मात्र हीच राहते.

आधी पैसे कोण कोणाला देतो ते समजून घ्या

मेडिकेअर ही ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारची सार्वजनिक आरोग्य विमा योजना. ती १ फेब्रुवारी १९८४ रोजी सुरू झाली. तिच्या आधी १९७५ मध्ये मेडिबँक नावाची अशीच योजना आली होती. योजना सार्वजनिक असल्यामुळे इथला फॅमिली डॉक्टर, ज्याला सगळे जीपी म्हणतात, तो सरकारी नोकर असावा असे आपल्याला वाटते. तसे नाही. बहुतेक जीपींचे दवाखाने हे खासगी व्यवसायच आहेत आणि आपली फी ते स्वतः ठरवतात. सरकार फक्त एवढेच ठरवते की अमुक प्रकारच्या तपासणीसाठी रुग्णाला अमुक रक्कम परत मिळेल. वैद्यकीय सेवांवर खर्च करण्याचा अधिकार १९४६ च्या घटनादुरुस्तीने केंद्र सरकारला मिळाला, तेव्हाच डॉक्टरांवर सक्तीची सेवा लादता येणार नाही अशी अट त्यात घातली गेली. डॉक्टरांच्या फीला सरकार थेट हात का लावत नाही, याचे मूळ सहसा तिथे दाखवले जाते.

यातून दोन शक्यता निघतात. डॉक्टर सरकारची रक्कम हीच पूर्ण फी मानून थेट मेडिकेअरकडून घेतात, तेव्हा त्याला बल्क बिलिंग म्हणतात आणि आपल्या खिशातून काहीच जात नाही. डॉक्टर स्वतःची फी लावतात, तेव्हा ती आपण भरायची आणि परतावा आपल्या खात्यात जमा होतो. मधली तफावत म्हणजे ‘गॅप’. बल्क बिलिंग करायचे की नाही हा निर्णय डॉक्टरचा असतो. तो आपला हक्क नाही, आणि “माझ्याकडे मेडिकेअर कार्ड आहे” असे स्वागतकक्षात कितीही ठासून सांगितले तरी त्याने फरक पडत नाही.

हा गॅप वाढत का गेला, हेही थोडक्यात सांगतो, कारण जुनी मंडळी आपल्याला “आम्ही कधी एक डॉलर भरला नाही” असे सांगतात आणि ते खोटे बोलत नसतात. जीपीच्या नेहमीच्या तपासणीचा परतावा २०१३ पासून २०१८ च्या मध्यापर्यंत जवळपास गोठवलेला होता. आधी मजूर पक्षाच्या सरकारने तो थांबवला आणि नंतरच्या लिबरल-नॅशनल आघाडीच्या सरकारने गोठवणूक लांबवली. याच काळात, २०१४ च्या अर्थसंकल्पात, प्रत्येक भेटीमागे रुग्णाकडून ७ डॉलर घेण्याचा प्रस्ताव आला, त्यावर मोठा गदारोळ झाला आणि २०१५ मध्ये तो सोडून देण्यात आला. पण समोरच्या दाराने जे आले नाही, ते मागच्या दाराने आलेच. दवाखान्याचे भाडे, परिचारिकांचे पगार आणि विमा वाढत राहिला, परतावा मागे पडला आणि एकेका दवाखान्याने बल्क बिलिंग सोडले. २०२०-२१ मध्ये जीपींच्या शंभरातल्या सुमारे ८९ सेवा बल्क बिल होत असत. २०२३-२४ पर्यंत हे प्रमाण सुमारे ७७-७८ वर उतरले. शिवाय ही टक्केवारी सेवांची आहे, माणसांची नव्हे. वरचेवर डॉक्टरकडे जाणारे वृद्ध आणि मुले बहुधा बल्क बिल होतात, त्यामुळे नोकरी करणाऱ्या तिशीतल्या माणसाला हा आकडा प्रत्यक्षापेक्षा बराच गोड वाटतो.

अलीकडे वारे थोडे फिरले आहे. बल्क बिलिंग करणाऱ्या डॉक्टरला मिळणारी प्रोत्साहन रक्कम १ नोव्हेंबर २०२३ पासून तिप्पट झाली, पण ती फक्त १६ वर्षांखालील मुले आणि सवलत कार्डधारक (निवृत्तिवेतन किंवा कमी उत्पन्न असल्यामुळे सरकारी सवलत कार्ड मिळालेले लोक) यांच्यापुरती होती. १ नोव्हेंबर २०२५ पासून ती मेडिकेअरला पात्र असलेल्या प्रत्येकासाठी लागू झाली आहे. त्याशिवाय जो दवाखाना आपल्या सगळ्या पात्र रुग्णांचे बल्क बिलिंग करण्याची हमी देतो, त्याला मेडिकेअरच्या रकमेवर आणखी १२.५ टक्के मिळतात. शहरातल्या अशा दवाखान्याला एका नेहमीच्या तपासणीमागे आता साधारण ७० डॉलर मिळतात. जो ९५ घेत होता, तो ७० वर येईलच असे नाही, हे उघड आहे. म्हणूनच काही दवाखाने या योजनेत गेले, काही गेले नाहीत आणि एकाच रस्त्यावरच्या दोन दवाखान्यांत ५० डॉलरचा फरक असू शकतो.

पायरी पहिली: कार्ड, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बँकेचे खाते

कायमस्वरूपी व्हिसा मिळालेले आणि नागरिक हे मेडिकेअरला पात्र असतात. ज्यांनी कायमस्वरूपी व्हिसासाठी इथूनच अर्ज केला आहे आणि ज्यांना काम करण्याची परवानगी आहे, त्यांनाही बहुतेक वेळा निळे, तात्पुरते कार्ड मिळते. आपल्याकडची पुष्कळ मुले पदवीनंतरच्या तात्पुरत्या व्हिसावर असताना कायमस्वरूपी व्हिसाचा अर्ज करतात आणि निकाल येईपर्यंत महागडा खासगी विमा भरत बसतात. अर्जाची पोच मिळाली की त्याच आठवड्यात आपली पात्रता तपासावी. विमा बंद करण्यापूर्वी मात्र व्हिसाच्या अटी नीट वाचाव्यात. विद्यार्थी आणि कामाच्या तात्पुरत्या व्हिसावरचे भारतीय यांना मेडिकेअर मिळत नाही. ब्रिटन, आयर्लंड, इटली, न्यूझीलंड अशा काही देशांशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर करार आहे. भारत त्यात नाही.

नोंदणी मायगव्ह या सरकारी ऑनलाइन खात्यातून किंवा सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाच्या कार्यालयात जाऊन करता येते. पती, पत्नी आणि मुले एकाच कार्डावर येऊ शकतात. इथे एक गोष्ट हमखास राहते. कार्ड आल्यावर लोक निर्धास्त होतात आणि बँक खात्याचा तपशील भरतच नाहीत. माझ्या भाच्याचे ४३.९० डॉलर तीन आठवडे असेच अडकले होते. दवाखान्याने दावा त्याच दिवशी पाठवला होता, पण पैसे जमा करायला मेडिकेअरकडे खातेच नव्हते. तेव्हा मेडिकेअरचे अ‍ॅप उतरवून घ्यावे, त्यात बीएसबी (बँक आणि शाखेचा क्रमांक) आणि खाते क्रमांक भरावा, आणि मगच आजारी पडावे.

पायरी दुसरी: दवाखाना फोनवर निवडा, खुर्चीत बसल्यावर नव्हे

खरा खर्च ठरतो तो अपॉइंटमेंट घेताना. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर बोलण्यासारखे फारसे काही उरत नाही. आपल्याकडे पैशाचे आधी विचारणे थोडे कमीपणाचे वाटते, विशेषतः डॉक्टरांच्या बाबतीत. इथे ते अगदी सर्रास विचारले जाते आणि स्वागतकक्षातली माणसे त्याला सरावलेली असतात. मी तीन प्रश्न विचारतो. तुम्ही सर्व रुग्णांचे बल्क बिलिंग करता का? करत नसाल, तर नेहमीच्या आणि दीर्घ तपासणीची फी किती आणि परतावा वजा जाता माझ्या खिशातून किती जातील? आणि शनिवार-रविवारी, संध्याकाळी किंवा पहिल्याच भेटीला वेगळा दर आहे का?

शेवटचा प्रश्न विसरू नये. आठवडाभर बल्क बिलिंग करणारे काही दवाखाने रविवारी फी लावतात. काही ठिकाणी डॉक्टरनुसारही फरक असतो: एकाच छपराखाली एक डॉक्टर बल्क बिल करतात, दुसरे करत नाहीत. मुलांसाठी वेगळे विचारावे, कारण मोठ्यांना ५० डॉलर गॅप लावणारे कित्येक दवाखाने १६ वर्षांखालच्यांचे बल्क बिलिंग करतात. नव्या योजनेत पूर्णपणे सामील झालेले दवाखाने दारावर मेडिकेअरचे चिन्ह लावतात आणि हेल्थडायरेक्ट या सरकारी आरोग्य-माहितीच्या संकेतस्थळावर पत्त्यानुसार शोध घेता येतो. तरीही फोन करून खात्री करून घ्यावी, असे मी म्हणेन.

स्वस्त तेच घ्या, असा मात्र माझा आग्रह नाही. मी स्वतः एका बल्क बिलिंगच्या दवाखान्यात काही महिने गेलो. तिथे दर वेळी नवे डॉक्टर, दर वेळी तीच कहाणी पहिल्यापासून, आणि पाचव्या मिनिटाला त्यांची नजर दाराकडे. आता मी वर्षातून दोनदा गॅप भरून एका जुन्या डॉक्टरीणबाईंकडे जातो, आणि सर्दी-खोकल्याला कोपऱ्यावरच्या बल्क बिलिंगवाल्यांकडे. दोन्हींची सोय असू शकते. मात्र आपला सगळा इतिहास एका जागी राहील याची काळजी घ्यावी.

पायरी तिसरी: वेळ विकत घेता आहात, हे लक्षात ठेवा

आता त्या २३ कडे वळू. मेडिकेअरच्या यादीत प्रत्येक सेवेला क्रमांक असतो. २३ म्हणजे सहा मिनिटांपासून वीस मिनिटांच्या आतली नेहमीची तपासणी, परतावा ४३.९० डॉलर. वीस मिनिटे किंवा अधिक झाली की क्रमांक ३६ लागतो आणि परतावा ८४.९० डॉलर होतो. त्याहून लांब तपासणीसाठी पुढचे क्रमांक आहेत.

आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरांकडे “जाता जाता गुडघ्याचेही बघा ना” म्हणण्याची आपल्याला सवय असते. इथे पंधरा मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये रक्तदाब, गुडघा आणि त्वचेवरचा डाग हे तिन्ही बसत नाहीत. डॉक्टर विनम्रपणे सांगतात की उरलेल्यासाठी पुन्हा या, आणि पुन्हा येणे म्हणजे पुन्हा गॅप. समजा नेहमीची फी ९५ आहे आणि दीर्घ तपासणीची १६०. दोन वेळा गेलात तर खिशातून १०२.२० डॉलर जातील. एकदाच दीर्घ अपॉइंटमेंट घेतलीत तर ७५.१०. तक्रारी दोनपेक्षा जास्त असतील, तर फोनवरच दीर्घ वेळ मागून घ्यावी आणि त्या महत्त्वाच्या क्रमाने कागदावर लिहून न्याव्यात. सर्वांत गंभीर तक्रार शेवटच्या मिनिटापर्यंत राखून ठेवण्याची आपली खोड इथे महाग पडते.

पायरी चौथी: पावती वाचा

बाहेर पडताना मिळालेल्या पावतीवर क्रमांक आणि वेळ यांचा मेळ बसतो का, ते पाहावे. दहा मिनिटांत बाहेर आलात आणि ३६ लागला असेल, तर शांतपणे विचारावे. बहुधा चूकच असते आणि ती दुरुस्त होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एखाद्या सेवेचे बल्क बिलिंग केले, तर त्याच सेवेसाठी वर ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘ड्रेसिंगचे पैसे’ म्हणून काही घेता येत नाही; दवाखान्याने स्वतःच्या साठ्यातून दिलेली लस हा त्याला अपवाद आहे. अपॉइंटमेंट चुकवल्याबद्दलचा दंड हा वेगळा विषय. तो वैध असतो आणि मेडिकेअर त्यातला एक सेंटही परत देत नाही.

रक्त-लघवी तपासणीची चिठ्ठी मिळाली, तर ती चिठ्ठीवर छापलेल्या प्रयोगशाळेतच द्यायला हवी असे नाही. आपण कुठेही जाऊ शकतो. बहुतेक तपासण्यांचे बल्क बिलिंग होते. मात्र मुंबई-पुण्यात वाढदिवसाला करतात तसली ‘फुल बॉडी चेकअप’ची पॅकेजे इथे मागू नयेत. वैद्यकीय कारण नसेल तर मेडिकेअर पैसे देत नाही, आणि ड जीवनसत्त्वासारख्या साध्या तपासणीलाही निकष आहेत. क्ष-किरण किंवा सोनोग्राफी असेल, तर केंद्राला आधी फोन करून बल्क बिलिंगचे विचारावे.

पायरी पाचवी: ज्या फेऱ्या टाळता येतात त्या टाळा

नोकरदार माणसाच्या कितीतरी भेटी आजारपणासाठी नसतातच, त्या कागदासाठी असतात. एक दिवसाच्या आजारी रजेसाठी ५० डॉलरचा गॅप भरून दाखला आणणारे लोक मी पाहिले आहेत. इथल्या कामगार कायद्यानुसार प्रतिज्ञापत्र हाही पुरावा धरला जातो आणि औषधविक्रेते फार्मासिस्टही अल्प शुल्कात रजेचा दाखला देऊ शकतात. आपल्या कंपनीत काय चालते, हे मनुष्यबळ विभागाला एकदा ईमेल करून विचारून ठेवावे.

दुसरी फेरी असते ती औषधाची चिठ्ठी नव्याने घेण्याची. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह यांसारख्या स्थिर आजारांच्या पुष्कळ औषधांसाठी सप्टेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने ६० दिवसांचा पुरवठा एकाच वेळी मिळू लागला आहे. त्यावर पाच ‘रिपीट’ (त्याच चिठ्ठीवर पुन्हा औषध घेण्याची मुभा) दिले, तर वर्षभर नव्या चिठ्ठीची गरज पडत नाही. डॉक्टर स्वतःहून सुचवतीलच असे नाही, आपण विचारावे. औषधांच्या सरकारी यादीतल्या औषधाला रुग्णाने दर खेपेला भरायची कमाल रक्कम १ जानेवारी २०२६ पासून ३१.६० वरून २५ डॉलरवर आली आहे. सवलत कार्डधारकांना ७.७० डॉलर पडतात. त्यामुळे ६० दिवसांच्या चिठ्ठीने औषधाचा खर्चही निम्म्यावर येतो.

फोनवरून किंवा व्हिडिओवरून तपासणी करता येते, पण तिच्यावर परतावा मिळण्यासाठी साधारणपणे त्या डॉक्टरांना किंवा त्या दवाखान्यात गेल्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष भेटलेले असावे लागते. म्हणून नवीन गावी आल्यावर बरे असतानाच एकदा जाऊन ओळख करून घ्यावी. जुने कागद, लसींच्या नोंदी आणि चालू औषधांची नावे तेव्हाच देऊन ठेवावीत. औषधांची ब्रँडची नावे इथे उपयोगाची नाहीत, मूळ रासायनिक नाव लिहून न्यावे. तज्ज्ञ डॉक्टरांकडे जायचे असेल तर जीपीची चिठ्ठी लागतेच. तिच्याशिवाय तज्ज्ञाच्या फीवर जास्तीचा परतावा मिळत नाही आणि ती साधारण बारा महिने चालते. चिठ्ठी संपल्यावर लक्षात येणे म्हणजे आणखी एक भेट.

घरात कोणाला दीर्घ आजार असेल, तर मायमेडिकेअरमध्ये एका दवाखान्याकडे नाव नोंदवावे. ही नोंदणी ऐच्छिक आणि विनामूल्य आहे आणि ती ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. मधुमेह, दमा, सांधेदुखी अशांसाठी जीपी उपचारांची आखणी करून देतात आणि तिच्या आधारे आहारतज्ज्ञ, पायांचे तज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट यांच्याकडच्या वर्षातल्या पाच भेटींवर परतावा मिळतो. मनावर ताण असेल, तर मानसिक आरोग्याची वेगळी आखणी होते आणि तिच्यात वर्षाला दहा भेटींपर्यंत सवलत आहे. परदेशात पहिल्या हिवाळ्यात याची गरज अनेकांना लागते. “आपल्यात असे नसते” म्हणून ती नाकारू नये.

पायरी सहावी: वर्षाचा खर्च एका जागी मोजला जाऊ द्या

एका कॅलेंडर वर्षात खिशातून गेलेली रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की मेडिकेअरचे ‘सेफ्टी नेट’ लागू होते आणि रुग्णालयाबाहेरच्या पुढच्या सेवांवर गॅपचा मोठा भाग, विस्तारित योजनेत बहुतेक वेळा ८० टक्के, परत मिळू लागतो. २०२५ मध्ये ही विस्तारित मर्यादा सर्वसाधारण रुग्णांसाठी २,६१५.५० डॉलर होती, सवलत कार्डधारकांसाठी ८३४.५०. एकट्या माणसाची नोंद आपोआप होते, पण नवरा-बायको आणि मुले यांना ‘कुटुंब’ म्हणून स्वतः नोंदवावे लागते, एकाच कार्डावर नावे असली तरीही. नोंदवले नाही तर प्रत्येकाचा खर्च वेगळा मोजला जातो आणि मर्यादा कोणीच गाठत नाही. ज्या वर्षी बाळंतपण किंवा शस्त्रक्रियेआधीच्या तज्ज्ञांच्या भेटी असतील, त्या वर्षी या एका अर्जाने शेकड्यांनी डॉलर वाचतात.

दवाखाना बंद असताना

जिवावरचे असेल तर ००० हा आपत्कालीन क्रमांक, याला पर्याय नाही. मात्र रुग्णवाहिकेचा खर्च मेडिकेअर देत नाही. क्वीन्सलंड आणि टास्मानियातल्या रहिवाशांना तो राज्य सरकारकडून मिळतो. व्हिक्टोरियात आल्याआल्या रुग्णवाहिका सेवेचे वार्षिक सदस्यत्व घ्यावे. जिवावरचे नाही, पण सकाळपर्यंत थांबताही येत नाही, अशा वेळी १८०० ०२२ २२२ या क्रमांकावर कोणत्याही वेळी परिचारिकेशी विनामूल्य बोलता येते. मोडलेले मनगट, खोल कापणे, मुलाचा उतरत नसलेला ताप यांसाठी मेडिकेअरची तातडीची उपचार केंद्रे २०२३ पासून सुरू झाली आहेत. तिथे अपॉइंटमेंट लागत नाही, ती आठवड्याचे सातही दिवस संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी असतात आणि कार्डधारकाला पैसे पडत नाहीत. आपल्या घरापासून सर्वांत जवळचे केंद्र कोणते, हे आजच पाहून फ्रिजवर लिहून ठेवावे.

आई-बाबा येणार असतील तेव्हा

पर्यटक व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना मेडिकेअर नाही, आपण इथले नागरिक असलो तरीही नाही, आणि पालकांच्या कायम व्हिसासाठी अर्ज केला एवढ्याने ती मिळत नाही. त्यांना जीपीची पूर्ण फी भरावी लागते, म्हणजे वरच्या उदाहरणातले ९५ डॉलर आणि परतावा शून्य. ‘सर्वांचे बल्क बिलिंग’ असे दारावर लिहिलेल्या दवाखान्यातही त्यांना फी लागते, कारण तिथल्या ‘सर्वां’मध्ये फक्त पात्र रुग्ण येतात. विमा घेताना आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ किती, हे वाचावे. रक्तदाब आणि साखर असलेल्या पासष्टीच्या माणसाला पॉलिसीतली तीच ओळ नडते.

बहुतेक औषधे तीन महिन्यांपुरती स्वतःच्या वापरासाठी आणता येतात, पण ती मूळ वेष्टनात असावीत आणि सोबत डॉक्टरांचे इंग्रजीतले पत्र किंवा चिठ्ठी असावी. नाशिकच्या आमच्या डॉक्टरांनी आईला दिलेल्या गोळ्या पांढऱ्या कागदाच्या पुड्यांत होत्या, प्रत्येकीवर निळ्या शाईने ‘स.’ आणि ‘रा.’ एवढेच लिहिलेले. त्या तशाच घेऊन ती विमानात बसणार होती. निघण्याच्या आदल्या दिवशी फोनवर लक्षात आले, तेव्हा मोठ्या भावाने पुन्हा दवाखान्यात जाऊन मूळ पट्ट्या आणि लेटरहेडवरचे पत्र आणले. डॉक्टरांनी त्याचे पैसे घेतले नाहीत.